लायब्ररी बोर्ड: प्रिन्सिपल बाईंसाठी शिफारसपत्र, गुरुवारच्या आत

मंडळी,
गावच्या लायब्ररीच्या बोर्डावरची विश्वस्ताची रिकामी जागा येत्या कौन्सिल बैठकीत भरणार आहेत. आपले वर्ग जिथे भाड्याने भरतात, त्या शाळेच्या प्रिन्सिपल बाईंनी अर्ज केलाय. आपल्या मराठी मंडळाच्या लेटरहेडवर पत्र जायलाच हवं. मसुदा जोडलाय, उद्यापर्यंत कळवा.
– शनिवारची मराठी शाळा

रि:
लेटरहेड नको. आपली संस्था ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त सेवाभावी संस्था आहे, उमेदवाराला पाठिंबा दिला तर करसवलत धोक्यात. ज्याने त्याने आपापल्या नावाने लिहावं. शिवाय बाई राहतात शेजारच्या गावात. आणि मसुद्यातलं ‘कृष्णवर्णीय’ कशाला? काम लिहा.
– खजिनदार

रि: रि:
काका, ती बंदी निवडणूक लढवणाऱ्यांबाबत आहे. इथे मेयर नेमतात, कौन्सिल संमती देते. फार तर याला लॉबिंग (कौन्सिलच्या निर्णयासाठी आग्रह धरणं) म्हणतील, आणि थोडंफार लॉबिंग आपल्याला चालतं. रहिवासाचं म्हणाल तर न्यू जर्सीच्या कायद्यात मेयरनी नेमलेल्या ५ नागरिकांपैकी किमान ४ गावचे लागतात, म्हणजे एक बाहेरचा चालतो. ती जागा आधीच कुणी अडवलीय का, हे क्लार्कला सकाळी विचारते.

‘कृष्णवर्णीय’ राहू द्या. फिलाडेल्फियातल्या कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेचे प्रिन्सिपल एबेनेझर बॅसेट यांना १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँटनी हैतीला अमेरिकेचे प्रतिनिधी म्हणून पाठवलं. असा मान मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. आज आपल्या गावच्या बोर्डावर एकही कृष्णवर्णीय विश्वस्त नाही. हे आपण नाही लिहायचं तर कुणी?
– ताई

रि: रि: रि:
ताईंशी सहमत. गेल्या हिवाळ्यात बर्फामुळे शाळेचा केअरटेकर पोचला नाही, तर बाई स्वतः किल्ल्या घेऊन आल्या. पोरांचे ओले बूट रेडिएटरपाशी ओळीने मांडले आणि वर्ग सुटेपर्यंत थांबल्या. भाड्याच्या करारात हे कुठे लिहिलंय? सुट्टीत शाळेची लायब्ररी उघडी राहावी म्हणूनही त्याच भांडल्या. पत्रात ते आधी यायला हवं. मात्र गावच्या लायब्ररीतलं मराठी कपाट मी सांभाळते, तेव्हा त्याबद्दलचा परिच्छेद मला दाखवल्याशिवाय पाठवू नका.
– वहिनी

रि: रि: रि: रि:
वहिनी, कपाटाचा परिच्छेद दोन ओळींचाच आहे, आज रात्री पाठवतो. खजिनदारकाका, ताईंचा मुद्दा पटला असेल तर एका ओळीत होकार द्या, कार्यकारिणीला तो लागेल. मसुद्यातल्या लेटरहेडवर जुना पत्ता आहे, नवी फाइल माझ्याकडे आहे. सही अध्यक्षांचीच लागेल. ते भारतात आहेत, तिकडे सकाळ झाली की फोन लावतो.
– सचिव