दुधाचे दात पडताना: तुमच्या घरचे अनुभव

धाकटीला सहा पूर्ण झाली आणि खालचा पुढचा दात हलायला लागला. दिवसभर जीभ तिथेच. मोठ्याच्या वेळी माझी एक चूक झाली होती, ती आधी सांगते. त्याला सहाव्या वर्षी सगळ्यात मागे दाढा आल्या. एकही दात पडला नव्हता, म्हणून मी त्या दुधाच्याच धरल्या. एकीला काळा ठिपका दिसला तरी 'पडेलच की' म्हणून थांबले. डॉक्टर म्हणाले, या पक्क्या दाढा, आता जन्मभराच्या. खोलवर सिमेंट भरावं लागलं, पोराने फार सोसलं. तुमच्याकडे काय झालं, नक्की लिहा.

दोन मुलांचे बाबा
आमच्याकडे दुधाचा दात जागेवरच आणि त्याच्यामागून पक्का वर! दोन रांगा बघून धडकीच भरली. दुधाचा हलत होता, म्हणून डॉक्टरांनी वाट बघायला सांगितली. तो पडला आणि जिभेच्या रेट्याने मागचा हळूहळू पुढे सरकला.

एक आजी
नातीने पडलेला दात दाखवत विचारलं, "आजी, मूळ आतच तुटून राहिलं का गं?" रडवेली झाली होती. पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ विरघळत जातं, हे मलाही तेव्हाच कळलं.

पाचवीतल्या मुलीची आई
धागाकर्तीताई, 'पडेलच की' आम्हालाही भोवलं. लेकीची दुधाची दाढ किडून पाचव्या वर्षी काढावी लागली. तिच्या जागी येणारा पक्का दात दहा-बारा वर्षांचं झाल्यावर येतो. तोवर मागची दाढ पुढे सरकून जागा खाते, म्हणून तारेची कडी बसवली. ती कडी सांभाळणं, दर काही महिन्यांनी तपासणी, चिकट खाण्यावरून रोजची रडारड. दाढ वेळेवर भरली असती तर हे टळलं असतं, याचं आजही वाईट वाटतं.

तिसरीतल्या मुलाची आई
नवे दात पिवळसर आणि करवतीसारखे दिसले तर घाबरू नका. पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळेच असतात आणि कडा वापराने झिजते.

एक मामा
आठ वर्षांचा भाचा पडला, वरचा पक्का दात मुळासकट बाहेर. दुधाचा असता तर परत बसवत नाहीत. हा मुळाला हात न लावता उचलला, दुधात टाकला आणि अर्ध्या तासात डॉक्टरांकडे पोहोचलो. तीन वर्षं झाली, दात जागेवर आहे.