पंप गच्चीपर्यंत चढवेल का? पानावर उत्तरं फक्त ग्राहकांची

गच्चीवाला: अर्धा एचपीचा सेल्फ-प्रायमिंग मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र, पाणी स्वतः ओढून घेणारा) पंप ऑनलाइन घ्यायचाय. तळमजला अधिक तीन मजले, टाकी गच्चीवर, जमिनीतली टाकी २ मीटर खोल. 'गच्चीवर पाणी चढेल का?' हा प्रश्न पंपाच्या पानावर आधीच आहे. खाली उत्तरं: 'हो, मस्त चढतं', 'नाही चढत' आणि 'माहीत नाही, अजून बसवला नाही'. विक्रेत्याचं एकही नाही. धरायचं कुठलं?

खटपट्या: तिन्ही खरी असतील. 'माहीत नाही' लिहिणाऱ्याला हसू नका. काही साइट्स नवा प्रश्न आला की आधी माल घेतलेल्यांना मेल करतात. आपल्यालाच विचारलंय असं समजून माणूस भिडेखातर उत्तर देतो, आणि ते पानावर कायमचं चिकटतं.

बाकीचे दोघे आपापल्या घराबद्दल सांगतायत. एकाची खालची टाकी जमिनीवर आणि पाइप एक इंची. दुसऱ्याचा अर्धा इंची, वर सहा एल्बो (पाइपची वळणं), संध्याकाळी व्होल्टेज १८०. पंप तोच. शिवाय अर्धा आणि एक एचपी एकाच पानावर विकत असतील तर उत्तरंही एकत्र येतात. 'मस्त चढतं' ते कुठल्याचं, देव जाणे.

नळजोडणी: हिशेब स्वतः करा. मजला ३ मीटरचा धरला तर गच्ची १२, टाकीचं तोंड आणखी २, खालचा उपसा २. झाले १६. पाइप-एल्बोच्या घर्षणाचे १५ टक्के मिळवा, साडेअठराच्या आसपास जातं.

हेड म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते. जाहिरातीतल्या 'कमाल हेड'वर जाऊ नका, त्या उंचीवर पाणी शून्य येतं. माहितीपत्रकात हेड आणि डिस्चार्जचा (किती पाणी येतं त्याचा) तक्ता असतो, त्यात १८-१९ मीटरला ताशी किती लिटर ते बघा. ७०० असेल तर हजार लिटरची टाकी भरायला जवळजवळ दीड तास.

गच्चीवाला: म्हणजे ग्राहकांना विचारायचंच नाही?

खटपट्या: विचारा की, पण नुसतं बघून सांगता येईल तेवढंच. खोक्यात फूटव्हॉल्व्ह (उपशाच्या पाइपच्या तळाला लागणारी झडप) आला का? नेमप्लेटवर एकूण हेड किती, कॅपॅसिटर किती मायक्रोफॅरडचा? फोटो टाकाल का? वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) तांब्याचं का, हे मात्र विचारू नका. पंप न उघडता कोणाला कळणार? जाहिरातीत वाचलेलंच परत सांगतात.

कलम_कागद: चढेल की नाही हे विक्रेत्याकडून किंवा कंपनीकडून लेखी घ्या. २०११ च्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांनुसार खोक्यावर ग्राहक तक्रारीसाठी फोन नंबर छापावा लागतो. '१८.५ मीटरला ताशी किती लिटर?' एवढी एक ओळ ऑर्डरच्या आधी पाठवा. उत्तर आणि पानाचा स्क्रीनशॉट दोन्ही जपा.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवारण करायचं. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन. पण तिथे 'पानावर एका ग्राहकाने चढतं म्हटलं होतं' एवढ्यावर जाऊ नका, तो विक्रेत्याचा शब्द नव्हे.

नळजोडणी: त्याच मेलमध्ये व्होल्टेजची रेंजही विचारून घ्या. '१८० ते २४०' लिहिलेलं असलं तरी १८० ला तक्त्याएवढं पाणी येत नाही.