प्रथिन बनवताना दरवेळी अख्ख्या डीएनएची कॉपी होते का?

जकार्डवाला_सोलापूर
नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या मागावर असतो, शिक्षण दहावी. मुलगी नीटची तयारी करतेय, रात्री तिचं पाठांतर मी ऐकतो. काल "डीएनए स्वतःची कॉपी करतो" आणि "डीएनएवरून प्रथिन बनतं" असं एका दमात म्हणाली, तिथं मी अडकलो. एका प्रथिनासाठी अख्खा डीएनए कॉपी करायचा? आमच्याकडं नक्षीचे भोकं पाडलेले पुठ्ठे जकार्डवर फिरत राहतात, दर चादरीला नवा संच कोण पाडतंय? तिला विचारलं तर म्हणते, "पप्पा, असलं पेपरात येत नाही."

निवृत्त_मास्तर
तुमची शंका रास्त आहे. ही दोन कामं वेगळी. पेशी दुभंगणार असेल तरच अख्ख्या डीएनएची कॉपी होते, तीही एकदाच. दोन्ही धागे सुटतात, मग डीएनएच्या अक्षरांपैकी ए समोर टी आणि जी समोर सी बसत नवे धागे तयार होतात. म्हणजे प्रत्येक नव्या रेणूत एक धागा जुनाच. मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये जड नायट्रोजन वापरून हे दाखवलं.
प्रथिनासाठी फक्त लागेल त्या जनुकाची आरएनए नक्कल निघते. ती रायबोझोम, म्हणजे पेशीतलं प्रथिन विणणारं यंत्र, तीन-तीन अक्षरांनी वाचतो आणि अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाचे मणी, जोडत जातो. तीन अक्षरांच्या अशा गटाला कोडॉन म्हणतात. कोडॉन ६४, त्यांतले तीन "थांब" सांगणारे.

रेटिक_ताई
दादा, मी सात रस्त्याजवळ एका लॅबमध्ये आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही रोज मायक्रोस्कोपखाली बघतो.
लाल पेशी अस्थिमज्जेत तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकते. डीएनए गेला! तरी ती कोवळी पेशी रक्तात आल्यावरही दिवसभर हिमोग्लोबिन बनवत राहते, कारण आधी काढलेला एमआरएनए (मास्तर म्हणाले ती जनुकाची नक्कल) आणि रायबोझोम आत शिल्लक असतात. ताज्या रक्तात ब्रिलियंट क्रेसिल ब्ल्यू हा रंग मिसळून थोडा वेळ ३७ अंशांवर ठेवायचं आणि काचपट्टीवर पातळ थर, म्हणजे स्मिअर, ओढायचा. त्या पेशीत निळी जाळी दिसते, ती उरलेल्या आरएनएची. अशा पेशी मोजणं म्हणजेच रेटिक काउंट. निरोगी मोठ्या माणसात शंभर लाल पेशींमागे अशा एक-दोन. जाळी संपली की नवं प्रथिन बंद, पुढचे साधारण १२० दिवस आहे त्यावरच काढायचे.
आता सांगा, दरवेळी डीएनए कॉपी करावा लागला असता तर या पेशीनं काय केलं असतं?

जकार्डवाला_सोलापूर
भारी की ओ ताई! पोरगी आता पुस्तक सोडून मोबाईलमध्येच डोकं घालून बसलीय. विचारते, आरएनए काढताना चूक झाली तर?

रेटिक_ताई
थोडी प्रथिनं बिघडतात, तो आरएनएही काही काळानं मोडीत निघतो. डीएनएतली चूक मात्र पुढच्या पेशींकडं जाते. म्हणून कॉपी करणारं पॉलिमरेज नावाचं प्रथिन चुकीचं अक्षर काढून पुन्हा बसवतं, त्यावर दुरुस्ती करणारी प्रथिनं वेगळी. तरी कधी एखादी चूक निसटते. सिकलसेल या रक्ताच्या आजारात हिमोग्लोबिनच्या जनुकात जीएजीचं जीटीजी झालेलं असतं. एकच अक्षर, पण ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन कमी पडला की पेशी विळ्यासारखी वाकते.

निवृत्त_मास्तर
आणि मुलीला सांगा, पेपरात येतं! डीएनए पॉलिमरेजला सुरुवातीला प्रायमर, म्हणजे आधी बसवलेला छोटा तुकडा, लागतो; आरएनए नक्कल काढणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला लागत नाही. दोन्ही कामं एक समजणारी मुलं हमखास इथंच मार्क घालवतात.