महिन्याच्या शेवटच्या दिवसाच्या नोंदी अहवालात का येत नाहीत?

प्रश्न (नागपूर): कळमना बाजारातील संत्र्यांच्या एका आडतीसाठी मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये आवकेच्या नोंदी ठेवतो. '२०२४-०१-०१' ते '२०२४-०१-३१' असे बिट्वीन (दोन सीमांमधल्या नोंदी निवडणारी अट) लावले, की ३१ तारखेच्या जवळजवळ सगळ्या गाड्या गळतात. रकान्याचा प्रकार डेटटाइम आहे, म्हणजे त्यात तारीख आणि वेळ दोन्ही असतात. कारण काय असावे?

उत्तर: नुसती तारीख दिली, की डेटाबेस तिची वेळ ००:००:०० धरतो, त्यामुळे ३१ तारखेला पहाटे पाचला उतरलेली गाडीसुद्धा मर्यादेबाहेर जाते. '>= २०२४-०१-०१' आणि '< २०२४-०२-०१' अशी अट लिहावी. २३:५९:५९ लिहिण्याचा मोह कृपया टाळा, कारण रकान्यात सेकंदाचे अंश साठवले जात असतील, तर शेवटच्या सेकंदातील नोंद तरीही निसटते.

दुसरे उत्तर: काही जण रकान्यावरच डेट() हे वेळ वगळून फक्त तारीख देणारे फंक्शन लावतात. निकाल बरोबर येतो, पण त्या रकान्याचा साधा इंडेक्स (नोंदी लवकर शोधण्यासाठीची सूची) उपयोगी पडत नाही आणि लाखो नोंदींच्या टेबलावर क्वेरी रेंगाळते. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) साठवत असाल, तर नागपूरची मध्यरात्र म्हणजे यूटीसीनुसार आदल्या दिवशीचे १८:३०. सीमा त्यानुसार सरकवाव्या लागतील.

प्रश्नकर्ता: वेळ भारतीय प्रमाणवेळेतच आहे. नव्या अटीने ३१ तारखेच्या पावत्या वहीशी जुळल्या. दोघांचाही आभारी आहे.