११० एचपीच्या जागी १२० एचपी: जुना गिअरबॉक्स आणि पंखा चालेल का?

जेटी_नं_२: मासेमारीचा लाकडी ट्रॉलर, ४५ फूट. आताचं इंजिन ११० एचपी, १८०० आरपीएम. गिअरबॉक्स ३:१, पंखा (प्रोपेलर) ३६ बाय २४, म्हणजे व्यास ३६ इंच, पिच (एका फेऱ्यात पुढे सरकायचं अंतर) २४ इंच. नवीन बघतोय ते १२० एचपी, पण २२०० आरपीएमचं. विकणारा म्हणतो जुना गिअरबॉक्स सरळ बसेल. मासेमारी बंदीच्या काळात काम उरकायचंय. आधी काय काय तपासू?

तेलकट_हात: बसेल, पण ओढणार नाही. आज पंखा मिनिटाला १८०० ÷ ३ = ६०० फेरे फिरतो. नवीन इंजिनावर तोच ७३३ फिरायला हवा. पंख्याला लागणारी ताकद फेऱ्यांच्या घनात वाढते, म्हणजे जवळजवळ १.८ पट. ११० चे २०० एचपी झाले, तुमच्याकडे आहेत १२०. इंजिन १८०० च्या आसपास अडकेल, काळा धूर सोडेल, व्हॉल्व्ह जाळेल.

एचपीला भुलू नका, टॉर्क (शाफ्ट पिळायचा जोर) काढा: ७१६ × एचपी ÷ आरपीएम. जुन्याचा ४३.८ किलोग्रॅम-मीटर, नव्याचा ३९. नवीन इंजिन टॉर्कला कमीच आहे! ३.५:१ गिअरबॉक्स घ्या. पंखा ६२९ फिरेल, शाफ्टवर टॉर्क साधारण १३७ येईल (आज १३१). मागणी तरीही १२६ एचपीच्या घरात जाते, म्हणून पिच इंचभर कमी करून घ्या. शाफ्ट झिजलेला नसेल तर तोच चालेल.

सुकाणू: हिशेब बरोबर. आता टेप घेऊन इंजिनघरात उतरा. इंजिनाचं हाउसिंग (गिअरबॉक्स जोडायचं मागचं कवच) एसएई ३ या प्रमाणित मापाचं असेल तर बोल्टचं वर्तुळ ४२८.६ मिमी, एसएई २ असेल तर ४६६.७. दोन्हीला १२च बोल्ट असतात, त्यामुळे नुसती बोल्टची संख्या बघून फसायला होतं. दुसऱ्या गिअरबॉक्सचा ड्रॉप (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या शाफ्टमधलं उभं अंतर) वेगळा निघाला तर शाफ्टची रेषा जुळवायला इंजिनाचा बेड खाली-वर करावा लागतो, हे सुताराला आधी सांगा. पुढे जाताना पंखा कुठल्या बाजूला फिरतो तेही बघून ठेवा, मागून बघून.

आणि ट्रकचं इंजिन बोटीसाठी बदलून मरीन केलेलं असेल तर प्लेटवरचे १२० सलग चालवण्याचे आहेत की थोड्या वेळाचे, हे लेखी घ्या. ट्रॉलिंगला तासन्‌तास लोड असतो, ट्रकला नसतो.

जेटी_नं_२: अलाइनमेंट (इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणं) किनाऱ्यावरच करून घेऊ ना?

सुकाणू: ढोबळ करा. बोट पाण्यात उतरल्यावर लाकूड बसतं, मग फ्लँज (गिअरबॉक्स आणि शाफ्ट जोडणाऱ्या चकत्या) सोडून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) चारही बाजूंनी घाला. १०० मिमी फ्लँजला ०.१ मिमीपेक्षा जास्त फरक नको. मगच बोल्ट आवळा. नंतर फुल थ्रॉटलला २२०० गाठतंय का ते बघा. गाठत नसेल तर पिच अजून जास्त आहे.

तेलकट_हात: इंजिन नंबर आणि एचपी नोंदणीच्या कागदावर असतात. बदल तिथे चढवून घ्या, विम्यावरही.