हुकच्या प्लेटवर ३५०० किलो लिहिलंय, म्हणजे खरंच तेवढं ओढता येतं का? (होडीचा ट्रेलर, बेलापूर ते अलिबाग)

दिवाळेची_होडी:
नमस्कार मंडळी, मी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला. आमची १८ फुटी फायबरची होडी आहे, ४० हॉर्सपॉवरचं मशीन मागे. तळाला भेग गेलीय म्हणून पाण्यातून नेता येत नाही, अलिबागला मामाच्या ओळखीचा फायबरवाला आहे त्याच्याकडे रस्त्याने न्यायचीय. गाडी इसुझूची व्ही-क्रॉस पिकअप, सेकंडहँड घेतली तेव्हाच मागे हुक होता आणि त्यावर प्लेट आहे ३५०० किलो. ट्रेलर एका गॅरेजमधून बनवून घेतलाय, एक एक्सल दोन चाकं, ब्रेक नाही. माझ्या अंदाजाने होडी, मशीन, जाळी, ट्रेलर सगळं धरून ९०० किलो असेल, मग ३५०० च्या पुढे ९०० म्हणजे काहीच नाही ना? परवा उरण रोडला थोडी चालवून बघितली तर ५० च्या वर गेल्यावर मागून कोणीतरी डावीकडे उजवीकडे ढकलतंय असं वाटायला लागलं. बायको म्हणाली आधी कोणाला तरी विचारा, पुढे कर्नाळ्याचा चढ आहे, कार्ले खिंड आहे. म्हणून विचारतोय.

खारघरचा_बापू:
दादा, वहिनींचं ऐकलंत ते फार बरं केलंत. आधी त्या ३५०० चं सांगतो कारण गोंधळ तिथेच होतो. तो आकडा फक्त त्या लोखंडाचा आहे, तुमच्या गाडीचा नाही, ट्रेलरचा नाही, बॉलचा पण नाही. बॉलवर, म्हणजे हुकवरच्या लोखंडी गोळ्यावर, वेगळा आकडा कोरलेला असतो, त्यावर बसणाऱ्या ट्रेलरच्या वाटीवर, म्हणजे कपलरवर, वेगळा, ट्रेलरच्या टायरवर वेगळा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा, आणि यातला जो सगळ्यात लहान तोच तुमचा. मॅन्युअल उघडून बघाच, आणि त्यात आकडा नसेल तर कंपनीकडून लेखी मागून घ्या, शोरूमच्या सेल्समनने तोंडी सांगितलेलं धरू नका.

दुसरं, तुमचीच गाडी ऑस्ट्रेलियात डी-मॅक्स नावाने ३५०० किलो ओढायला म्हणून विकतात हे खरं आहे, तुमची प्लेट बहुतेक त्याच हिशोबाची असणार, पण ते ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर. बिनब्रेकच्या ट्रेलरला तिथेच आकडा ७५० किलो. युरोपातही ७५० च्या वर गेलं की ट्रेलरला ब्रेक लागतातच. तुमचे ९०० धरले तरी तुम्ही आताच त्याच्या वर आहात. ओढायला इंजिन पुरतं हो, थांबवायला पुरत नाही. ४० च्या जागी ६० ने गेलात की थांबवायची ताकद दीडपट नाही, सव्वादोन पट लागते, आणि ती सगळी पिकअपच्या ब्रेकवर येते.

आता ते ढकलल्यासारखं वाटतं त्याबद्दल. घरी कधी बैलगाडी होती का? मागे भार जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. तुमचा ट्रेलर नक्की उलाळ आहे. मशीन मागे, जाळी मागे, मग बॉलवर वजन येणार कुठून. साधारण ट्रेलरच्या भरल्या वजनाच्या १० ते १५ टक्के बॉलवर यावं असं अमेरिकेत धरतात, युरोपात थोडं कमी चालतं पण अगदीच हलकं कुठेच चालत नाही. जास्त पण नको, बॉल मागच्या एक्सलच्याही मागे असतो त्यामुळे तिथे १०० किलो ठेवले की मागच्या चाकांवर १०० पेक्षा जास्त येतात आणि पुढची चाकं हलकी होतात. ते वजन गाडीच्या पेलोडमधूनच, म्हणजे गाडीवर जास्तीत जास्त जेवढं लादता येतं त्यातूनच, जातं बरं का, माणसं आणि डिझेलसारखंच.

अंदाज सोडा, काट्यावर जा. कळंबोलीला लोखंड बाजाराकडे काटे आहेत. तीन वेळा वजन करा. आधी नुसती पिकअप, तुम्ही आत बसून. मग ट्रेलर जोडून, पण ट्रेलरची चाकं काट्याच्या बाहेर. मग सगळं काट्यावर. दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की बॉलवरचं वजन, तिसऱ्यातून पहिलं वजा केलं की ट्रेलरचं पूर्ण वजन. आकडे इथे टाका.

रबाळे_फॅब्रिकेशन:
मी हेच काम करतो म्हणून लिहितो. गाडीखाली बॅटरी घेऊन झोपा आणि हुक कशाला लावलाय ते बघा. चेसीसच्या दोन्ही लांब पट्ट्यांना बोल्टने असेल तर ठीक, नुसत्या बंपरला असेल तर आजच काढा, बंपरचा पत्रा ओढायला नसतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेलं दिसलं पाहिजे, ती बोल्टच्या ताकदीची खूण. काहीच लिहिलेलं नसेल तर ते साधे बोल्ट, बदला. चेसीसवर वेल्डिंग केलेलं असेल तर मला तरी पटत नाही, वेल्डिंगच्या कडेला जिथे लोखंड तापलेलं असतं तिथूनच नंतर चीर जाते. ब्रशने माती काढा, सांध्याच्या कडेने केसासारखी बारीक तांबूस रेघ दिसली तर तो गंज नाही, चीर आहे, तिच्यातून पाणी पाझरून गंज बाहेर आलेला असतो.

बॉलला व्हर्नियर लावून माप घ्या. ५० एमएम आणि दोन इंच हे एकच समजतात सगळे, पण दोन इंच म्हणजे ५०.८. ५० चा कपलर दोन इंचाच्या बॉलवर पूर्ण बसत नाही, वरून खटका लागल्यासारखा वाटतो आणि खड्ड्यात उडतो. साखळ्या दोन पाहिजेत, जीभेखालून, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखालून, एकमेकींना ओलांडून, म्हणजे कपलर सुटलाच तर जीभ साखळ्यांच्या झोळीत पडते, रस्त्यात रुतत नाही. साखळी वळणापुरती ढिली ठेवा, रस्त्याला घासेल एवढी नको.

कासारवडवली_मंडप:
माझा अनुभव सांगते, आमचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे, घोडबंदर रोडला. जनरेटर ट्रेलरवर न्यायचो, उतरवायला सोपं म्हणून मागच्या टोकालाच ठेवायचो, वर्षभर काही झालं नाही. एका गणपतीत रात्री गायमुखचा उतार उतरताना, मिस्टर चालवत होते, मी शेजारी, ट्रेलर एकदा डावीकडे गेला मग उजवीकडे मग प्रत्येक वेळी जास्त. मिस्टरांनी ब्रेक दाबला आणि त्याने अजून वाढलं. ट्रेलर आडवा होऊन पिकअपच्या मागच्या दारावर आला, नशिबाने शेजारच्या लेनला कोणी नव्हतं. नंतर एका जुन्या ट्रेलरवाल्या काकांनी शिकवलं, झोके सुरू झाले की पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, स्टेअरिंग सरळ घट्ट धरायचं, झोक्याच्या उलट फिरवायला जायचं नाही आणि ब्रेक जोरात मारायचा नाही. आता जनरेटर एक्सलच्या जरासा पुढे असतो आणि उताराला वरूनच खालचा गिअर. दादा, ५० ला ढकलल्यासारखं वाटलं ना, उतारावर ते ५० ला नाही थांबत. प्लीज असंच जाऊ नका.

दिवाळेची_होडी:
ताई, वाचून अंगावर काटा आला. आज कळंबोलीला जाऊन आलो. पिकअप आम्ही दोघं धरून २११०. ट्रेलर जोडून, त्याची चाकं बाहेर, २१३०. सगळं मिळून ३४७०. म्हणजे ट्रेलर १३६० निघाला, मी ९०० समजत होतो! आणि बॉलवर फक्त २०. जाळी भिजलेली होती, नांगर, बर्फाची पेटी, पेट्रोलचे कॅन सगळं होडीतच होतं, ते कधी मोजलंच नाही. बॉल दोन इंचाचा आहे आणि कपलरवर ५० लिहिलंय, रबाळेवाले दादा तुम्ही म्हणालात तसंच. खाली बोल्ट चेसीसला आहेत पण चारपैकी दोनांवर काही लिहिलेलं नाही.

खारघरचा_बापू:
१३६० ला २० किलो म्हणजे दीड टक्का, मग झोके येणारच होते. जाळी, नांगर, पेटी घरी ठेवा, पेट्रोलचे कॅन पण. होडी ट्रेलरवर पुढे सरकवा, म्हणजे विंचचा, होडी वर ओढायच्या चरखीचा, खांब पुढे घ्यावा लागेल, तळाच्या रोलरवर नीट बसतेय ना बघा नाहीतर भेग वाढेल. आणि ब्रेक बसवा. होडीच्या ट्रेलरला ओव्हररन ब्रेक सोयीचा, ट्रेलर पुढे रेटला की कपलर दबतो आणि त्या दाबाने ट्रेलरचे ब्रेक लागतात, वायरिंग नाही. पुढे होडी पाण्यात सोडाल तेव्हा आधी अर्धा तास थांबा, लांबून आल्यावर बेअरिंग तापलेलं असतं, गरम हब, म्हणजे चाकाचा बेअरिंगवाला मधला भाग, खाऱ्या पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. नंतर गोड्या पाण्याने धुवा.

अजून एक, ट्रेलरचं आरटीओला स्वतःचं रजिस्ट्रेशन लागतं, गॅरेजने बनवून दिला म्हणजे झालं असं नाही. ते आणि इन्शुरन्स झाल्याशिवाय रस्त्यावर काढू नका, उरण रोडला सुद्धा नको.

दिवाळेची_होडी:
अपडेट. सामान काढून होडी पुढे घेतली, खांब दीड फूट सरकवला. आज परत काटा केला, पिकअप २११०, चाकं बाहेर २२२०, सगळं ३२९०. म्हणजे ट्रेलर ११८०, बॉलवर ११०, नऊ टक्क्यांच्या जरा वर. बोल्ट चारही ८.८ चे घेतले, कपलरच्या मापाचा ५० चा बॉल लावला, आता हलवला तरी खडखड नाही. ब्रेकचं काम रबाळेवाल्या दादांकडे टाकतोय, फोन केला त्यांना. मॅन्युअलमध्ये आकडा सापडला नाही, कंपनीला मेल टाकलाय, उत्तर आणि कागद दोन्ही हातात येईपर्यंत ट्रेलर अंगणातच राहील. मामाला सांगितलंय होडी उशिरा येईल म्हणून.

कासारवडवली_मंडप:
खूप बरं वाटलं वाचून. जाल तेव्हा पहिले दहा किलोमीटर झाले की थांबून बोल्टला पाना लावा आणि हबला हात लावून बघा.