शेततळ्यात पावसाचं पाणी किती आणि विहिरीचं किती?

माळरान:
विहिरी-बोअर उपसून भरलेल्या शेततळ्याला अनुदानाचा एक रुपयाही मिळू नये, असं माझं मत आहे. २०१६ ला 'मागेल त्याला शेततळे' ही सरकारी अनुदानाची योजना आली तेव्हा हिशेब साधा होता. वाहून जाणारं पाणी अडवायचं आणि पावसाने खंड दिला की पिकाला एखादं संरक्षित पाणी द्यायचं. आता गावोगाव काय दिसतं? चारी बाजूंनी उंच बांध, आत प्लॅस्टिकचा कागद. ओघळाचं पाणी आत शिरायला वाटच नाही! मग पाऊस सरला की मोटरी लावून जमिनीतलं पाणी वर काढायचं आणि उन्हात ठेवायचं. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून मे महिन्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी उडालं तरी ९,००० लिटर गेले. त्यात आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत, म्हणजे मुळात थोडंच, आणि ते सगळ्या शिवाराचं.

द्राक्षवाला:
ऑगस्ट २०२३ विसरलात का? १९०१ पासूनचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट. असा पाऊस असेल तर बागायतदाराने कशाच्या भरवशावर बसायचं? एप्रिलमध्ये द्राक्षवेलीची खरड छाटणी होते, त्यानंतर पाणी तुटलं की घड धरणारी काडी तयार होत नाही, पुढचा हंगाम गेलाच. उडतं पाणी, मान्य. पण विहिरीत राहू दिलं तर ते मला उन्हाळ्यात मिळेल कशावरून? शेजारी उपसणारच. तळं ही माझी तिजोरी आहे. आमच्या जालन्यातलं कडवंची बघून या, शेततळ्यांवर द्राक्षाचं गाव उभं राहिलंय.

माळरान:
कडवंचीत आधी पाणलोटाची कामं झाली, तळी नंतर आली. तुम्ही नेमकं तेवढंच गाळलंत. आणि 'शेजारी उपसणारच' हे शेजारीही तुमच्याबद्दल म्हणतो.

कोरडवाहू_ताई:
दादा, तुमचं दोघांचं बागायतीचं चाललंय. ज्याचं रान दोन एकर आणि विहीर नाही, त्याने तळ्यासाठी जागा सोडायची कुठून? सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर नको, हे १९९३ च्या भूजल कायद्यातच होतं. पाळलं कुणी? फाल्गुनातच हंडे रांगेला लागतात आणि पलीकडे कागदावरचं पाणी चमकत असतं. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. मग पिकं ठरतात.

द्राक्षवाला:
हिवरे बाजारला गाव घडवणारे पोपटराव पवार आहेत. आमच्याकडे ग्रामसभेला कोरम भरत नाही, ताई. तरी ठराव आणा, सही करतो. फक्त बंदी उसापासून सुरू करा. माझी बाग ठिबकवर आहे, वरच्या अंगाचा ऊस अजून पाटाने भिजतो.

कोरडवाहू_ताई:
उसाचं नाव पहिलं घालू. दुसरं नाव तुमच्या बोअरचं.